गावच्या नेटवर, जुन्या लॅपटॉपवर जीडॅल बसवताना

भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, गडचिरोलीतल्या ग्रामसभांची सामूहिक वनहक्काची हद्द, यवतमाळातली पाणलोटाची कामं. या सगळ्याचे नकाशे आता गावातली शिकलेली पोरंपोरीच तयार करतात. हद्द पायी चालून जीपीएसवर घेतात, घरी येऊन लॅपटॉपवर उतरवतात. एकदोन गावांचं काम क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये माउसने होऊन जातं. पण तालुक्यातल्या सगळ्या तलावांचं पाणी दर पावसाळ्यानंतर उपग्रहाच्या चित्रावरून मोजायचं म्हटलं की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा लागते, आणि पायथनला नकाशाची फाइल वाचता यावी म्हणून जीडॅल लागतं. नेमकं इथेच काम अडतं. आठवडाभर डोकं लावूनही जीडॅल बसत नाही आणि हुशार पोरगं वैतागून सोडून देतं. तसं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी एक खुलासा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवरून दुसऱ्याला सांगताना सांगतो तशा. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. जीडॅल म्हणजे जी, डी, ए, एल ही चार अक्षरं. दोन आडव्या रेघा दिसतील तिथे दोनदा हायफन दाबायचा, मध्ये जागा सोडायची नाही.

अडतं कुठे

जीडॅलचं काम फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये सुरू केलं. उपग्रहाचं चित्र असो, उंचीची फाइल असो की हद्दीची शेपफाइल, शेकडो प्रकारच्या फाइली ते वाचतं आणि लिहितं. क्यूजीआयएसच्या पोटात तेच आहे. जिओपांडाज (हद्दी आणि तक्त्यांसाठी) आणि रास्टेरिओ (चित्रांसाठी) या पायथनच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, त्याच्याच जोरावर चालतात. त्याच्यासोबत आणखी दोन लायब्ररी हमखास येतात. एक प्रोज, ती अक्षांश-रेखांशाचे मीटर करून देते. दुसरी जिओस, ती दोन हद्दी एकमेकींत किती शिरतात असली भूमिती सांभाळते.

हे सगळं सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आहे. पायथनमध्ये दिसतं ते फक्त वरचं पातळ आवरण. म्हणून ‘पिप इन्स्टॉल जीडॅल’ असं लिहिलं की पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारं साधन, फक्त मूळ कोड उतरवतं आणि तुमच्याच मशीनवर तो जुळवायला बसतं. त्यासाठी कंपायलर (कोडचं मशीनला चालेल असं रूप करणारा प्रोग्राम) लागतो, आतलं खरं जीडॅल आधीच बसवलेलं लागतं आणि दोघांची आवृत्तीही जुळावी लागते. विंडोजवर यातलं बहुधा काहीच नसतं. मग ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस 14.0 ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ अशी लाल ओळ येते. ती वाचून कित्येक जण काही जीबींचं व्हिज्युअल स्टुडिओ उतरवत बसतात. त्याची गरज नाही. ती वाटच सोडून द्यायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका मशीनवर एकच वाट धरा. थोडं कॉन्डाने (हेही पिपसारखं पॅकेजं आणणारं साधन, मिनीफोर्ज बसवलं की सोबत येतं), थोडं पिपने, थोडं कुठल्यातरी व्हिडिओत पाहून असं केलं की दोन-तीन वेगवेगळी जीडॅल आत येतात आणि एकीचा कोड दुसरीच्या फाइली शोधू लागतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणींचं मूळ हेच आहे.

विंडोज: मिनीफोर्जची वाट

गावाकडे बहुतेकांकडे विंडोजच असतं, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘अबाउट’ उघडा आणि सिस्टिम 64-बिट आहे ना ते बघा. 32-बिट असेल तर मिनीफोर्ज चालणार नाही. विंडोज 7 असेल तरी अडचण आहे, कारण पायथन 3.9 पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. अशा मशीनवर सरळ लिनक्स टाकावं असं माझं मत आहे. जुना लॅपटॉप त्यावर जास्त मोकळा चालतो. डिस्कवर चार-पाच जीबी जागा मोकळी ठेवा.

मिनीफोर्जची विंडोजची फाइल त्यांच्या अधिकृत पानावरून उतरवा. चालवली की ‘जस्ट मी’ निवडा. पुढे ती कुठे बसवायची हे विचारते, आणि ही पायरी नीट वाचा. ती स्वतःहून तुमच्या युजरच्या फोल्डरचं नाव सुचवते. तालुक्याच्या दुकानातून लॅपटॉप तयार करून आणला असेल तर युजरचं नाव दुकानाचं असतं, मध्ये जागा सोडलेली असते, कधी कधी ते मराठीतही असतं. असल्या नावाच्या फोल्डरमध्ये कॉन्डा पुढे कुठेही अडखळू शकतं. म्हणून तिथलं पुसून ‘सी:\मिनीफोर्ज’ असं साधं, इंग्रजी, सलग नाव द्या. पाथमध्ये टाकायचं का, असा चौकोन येतो. तो रिकामाच ठेवा.

झाल्यावर स्टार्ट मेनूत ‘मिनीफोर्ज प्रॉम्प्ट’ दिसेल. यापुढचं सगळं काम त्याच काळ्या खिडकीत करायचं, साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नाही.

कॉन्डा क्रिएट -एन नकाशा पायथन=3.12 जीडॅल जिओपांडाज रास्टेरिओ

‘नकाशा’ हे आपण दिलेलं नाव आहे, तेही इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं. ही आज्ञा एक वेगळं, स्वतंत्र घर तयार करते. त्यातलं जिओपांडाज आणि रास्टेरिओ एकाच जीडॅलवर चालतं, म्हणून भांडण होत नाही. जमेल तितकं सगळं एकाच आज्ञेत मागा. एकेक नंतर टाकत गेलात तर कॉन्डाला दर वेळी सगळ्यांच्या आवृत्त्या नव्याने जुळवाव्या लागतात.

उतरवायचं बरंच असतं, काहीशे एमबी. दिवसाचा मोबाइल डेटा यात संपू शकतो, म्हणून पहाटे किंवा रात्री उशिरा बसा. मध्येच लाइन गेली किंवा रेंज गेली तर हात लावू नका आणि काही पुसूही नका. तीच आज्ञा पुन्हा द्या. पूर्ण उतरलेली पॅकेजं ‘पीकेजीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये शाबूत असतात, कॉन्डा फक्त उरलेली आणतं. नेट फारच हळू असेल आणि ‘टाइमआउट’ पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी हे करा:

कॉन्डा कॉन्फिग --सेट रिमोट_रीड_टाइमआउट_सेक्स 300

मधली आडवी खूण अंडरस्कोरची आहे, आणि शेवटचा शब्द सेकंदाचं लघुरूप आहे: एस, ई, सी, एस. यानंतर कॉन्डा एका मिनिटात हार न मानता पाच मिनिटं वाट बघतं.

सगळं बसलं की:

कॉन्डा ॲक्टिव्हेट नकाशा

ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘नकाशा’ दिसलं म्हणजे तुम्ही त्या घरात आलात. खिडकी नव्याने उघडली की दर वेळी ही ओळ द्यायचीच.

क्यूजीआयएस आधीच असेल तर

मग जीडॅल तुमच्याकडे आहेच, नवीन काही उतरवू नका. स्टार्ट मेनूत क्यूजीआयएसच्या फोल्डरमध्ये ‘ओएसजिओ4डब्ल्यू शेल’ असतं, ते उघडा. फाइल तपासणं, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणं, नकाशाचा पट्टा बदलणं (पट्टा म्हणजे काय ते पुढे येईल), तुकडे जोडणं ही कामं तिथे लगेच सुरू करता येतात. ज्यांना पायथन लिहायचंच नाही, त्यांनी मिनीफोर्जच्या भानगडीत पडूच नये. जिओपांडाज मात्र तिथे असेलच असं नाही.

तिसरीही एक वाट आहे. पायथन बसवलेलं असेल आणि फक्त जिओपांडाज, रास्टेरिओ हवं असेल, तर वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचं स्वतंत्र घर) करून ‘पिप इन्स्टॉल जिओपांडाज रास्टेरिओ’ दिलं की काम होतं. त्यांच्या तयार पॅकेजांत जीडॅल आतच गुंडाळलेलं येतं. यातून पायथनमध्ये ‘ओएसजिओ’ या नावाने मिळणारं मूळ जीडॅल मिळत नाही, आणि काळ्या खिडकीतल्या जीडॅलच्या आज्ञाही मिळत नाहीत. नुसत्या हद्दी आणि तक्ते हाताळायचे असतील तर एवढं पुरतं, आणि डेटाही कमी लागतो.

लिनक्स

उबुंटू किंवा डेबियनवर हे काम सगळ्यात सोपं आहे:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीडॅल-बिन पायथन3-जीडॅल पायथन3-जिओपांडाज पायथन3-रास्टेरिओ

सगळं एकाच भांडारातून येतं, म्हणून आवृत्त्या जुळलेल्याच असतात. उबुंटू 22.04 वर जीडॅल 3.4.1 मिळतं, 24.04 वर 3.8.4. यापेक्षा नवीनच हवं असा हट्ट नसेल तर इथेच थांबा. आपल्या कामाला ते भरपूर आहे.

नव्या उबुंटूवर सरळ पिप वापरायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून ते नकार देतं. तो नकार मोडून काढायची एक आज्ञा नेटवर सर्रास सांगितली जाते. ती देऊ नका, सिस्टिमचं स्वतःचं पायथन बिघडतं. त्याऐवजी सिस्टिममधली पॅकेजं दिसतील असं एन्व्हायर्नमेंट करा:

पायथन3 -एम व्हीएन्व्ह --सिस्टिम-साइट-पॅकेजेस नकाशा

पूर्ण वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये मूळ जीडॅल हवंच असेल, तर ‘लिबजीडॅल-डेव्ह’, ‘पायथन3-डेव्ह’ आणि ‘बिल्ड-इसेन्शियल’ ही तीन पॅकेजं ॲप्टने टाका. ‘जीडॅल-कॉन्फिग --व्हर्जन’ देऊन आवृत्ती बघा आणि पिपला नेमकी तीच आवृत्ती मागा. त्याआधी त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नमपाय, सेटअपटूल्स आणि व्हील हे तिन्ही असलं पाहिजे, आणि पिपच्या आज्ञेत ‘--नो-बिल्ड-आयसोलेशन’ व ‘--नो-कॅश-डिर’ लिहिलं पाहिजे. नमपाय नंतर टाकलं तर जीडॅल बसल्यासारखं दिसतं, पण चित्रातले आकडे वाचायला गेलं की ‘_जीडॅल_अरे’ सापडत नाही म्हणून थांबतं.

फेडोरावर ‘डीएनएफ’ने ‘जीडॅल’ आणि ‘पायथन3-जीडॅल’ टाकलं की झालं.

मॅक

आपल्याकडे मॅक कमी, म्हणून थोडक्यात. होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर आणणारं साधन) असेल तर ‘ब्रू इन्स्टॉल जीडॅल’ पुरतं, पण त्यातलं पायथनचं आवरण होमब्रूच्याच पायथनला बांधलेलं असतं. म्हणून पायथनचं काम करायचं असेल तर मॅकवरही मिनीफोर्जच घ्या. एम1 आणि त्यापुढच्या चिपसाठी ‘एआरएम64’ असं लिहिलेली फाइल, जुन्या इंटेल मॅकसाठी ‘एक्स86_64’ची. पुढच्या आज्ञा विंडोजसारख्याच.

खरंच बसलं का?

‘जीडॅलइन्फो --व्हर्जन’ दिल्यावर आकडा आला म्हणजे अर्धी परीक्षा झाली. आपल्या भागाची खरी फाइल उघडून बघितल्याशिवाय मी तरी बसलं असं मानत नाही.

त्यासाठी एसआरटीएमची उंचीची फाइल उत्तम. फेब्रुवारी 2000 मध्ये नासाच्या अवकाशयानातून रडारने ही मोजणी झाली. नासाच्या अर्थडेटा या संकेतस्थळावर मोफत खातं काढलं की फाइल मिळते. नागपूर, रामटेक, भंडारा ज्या चौकोनात येतात त्याचं नाव ‘एन21ई079’. चौकोनाच्या नैऋत्य कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश हेच त्याचं नाव असतं. झिप सोडवली की ‘एचजीटी’ शेपटीची फाइल निघते. तिचा आकार बरोबर 2,59,34,402 बाइट असला पाहिजे, कारण आत 3601 गुणिले 3601 ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. नेट तुटून अर्धवट उतरली असेल तर जीडॅल तिला ओळखतच नाही, आणि आपण मात्र जीडॅलला दोष देत बसतो. म्हणून आधी आकार बघा. आज्ञेत या फाइलचं नाव मात्र ती जशी दिसते तशाच मोठ्या-छोट्या अक्षरांत लिहा.

जीडॅलइन्फो एन21ई079.एचजीटी

उत्तरात ‘साइज इज 3601, 3601’ आणि ‘अपर लेफ्ट’समोर 78.9998611, 22.0001389 दिसायला हवं. हे बरोबर 79 आणि 22 का नाही, असं वाटेल. हे आकडे ठिपक्याच्या मधोमध नसून त्याच्या बाहेरच्या काठाचे असतात, म्हणून अर्ध्या ठिपक्याचा फरक येतो. आता नागपूरची उंची विचारा:

जीडॅललोकेशनइन्फो -डब्ल्यूजीएस84 एन21ई079.एचजीटी 79.09 21.15

तीनशे मीटरच्या आसपासचा आकडा आला की समजा, गाडी रुळावर आहे. इथे रेखांश आधी, अक्षांश नंतर. उलटं लिहिलं तर जागा फाइलच्या बाहेर आहे असं उत्तर येतं. पायथनमध्ये मात्र जीडॅल 3 पासून उलटं घडू शकतं: ईपीएसजी 4326 (अक्षांश-रेखांशाच्या नेहमीच्या पद्धतीचा क्रमांक) असेल तर मूळ जीडॅल अक्षांश आधी धरतं. आपला तलाव नकाशावर भलत्याच देशात किंवा समुद्रात दिसला तर पहिली शंका इथेच घ्या.

78 अंशांची रेघ

प्रोज नीट बसलं आहे का, हे बघायला विदर्भासारखी जागा नाही. मीटरमध्ये मोजायला आपण यूटीएमचे पट्टे, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे भाग, वापरतो. 43 वा पट्टा 72 ते 78 अंश पूर्व, 44 वा 78 ते 84. ही 78 अंशांची रेघ विदर्भाच्या मधून जाते. बुलढाणा, अकोला, वाशिम पश्चिमेला, त्यांना ईपीएसजी 32643. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पूर्वेला, त्यांना 32644. अमरावती शहर 43 मध्ये, पण त्याच जिल्ह्यातलं वरूड 44 मध्ये. यवतमाळ जिल्ह्याचे तर सरळ दोन भाग पडतात: पुसद, उमरखेड एका पट्ट्यात, यवतमाळ शहर आणि वणी दुसऱ्यात.

वणीजवळचं वावर चुकून 43 व्या पट्ट्यात मोजलं तर शंभर एकरांवर तेरा-चौदा गुंठे जास्त दाखवतं. हद्दीच्या कागदावर तेरा गुंठे म्हणजे धुऱ्यावरून वाद व्हायला पुरेसे. आणि क्षेत्रफळ अंशांतच मोजलं तर निघणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. जिओपांडाजमध्ये ‘एस्टिमेट_यूटीएम_सीआरएस’ ही सोय आहे, ती फाइलमधल्या जागेवरून पट्टा स्वतः सुचवते. तुमच्या गावची हद्द तिला द्या. वर सांगितल्याप्रमाणेच पट्टा आला आणि त्या पट्ट्यात बदललेलं क्षेत्रफळ सातबाऱ्याच्या जवळपास बसलं, तर प्रोज ठीक आहे.

अडलंच तर

‘प्रोज.डीबी सापडत नाही’ ही तक्रार विंडोजवर सगळ्यात जास्त येते. त्या फाइलमध्ये सगळ्या पट्ट्यांच्या व्याख्या असतात. पोस्टजीआयएस किंवा दुसरं एखादं सॉफ्टवेअर बसताना ‘प्रोज_लिब’ नावाचा पत्ता सिस्टिममध्ये कायमचा लिहून ठेवतं, आणि मग आपलं नवं जीडॅल त्या जुन्या पत्त्यावर जातं. ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ उघडून ‘प्रोज_लिब’, ‘प्रोज_डेटा’ आणि ‘जीडॅल_डेटा’ अशा नोंदी आहेत का बघा. असतील तर कागदावर उतरवून घ्या आणि मग काढून टाका. कॉन्डा ॲक्टिव्हेट केलं की योग्य पत्ते ते स्वतःच लावतं.

‘डीएलएल लोड फेल्ड’ आलं तर बहुतेक वेळा एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट न करताच पायथन चालवलेलं असतं. व्हीएस कोडमधून काम करणाऱ्यांना हे फार होतं. मिनीफोर्ज प्रॉम्प्टमध्ये ॲक्टिव्हेट करा आणि तिथूनच ‘कोड’ लिहून व्हीएस कोड उघडा.

एवढं करूनही गुंता सुटला नाही तर दुरुस्तीत दिवस घालवू नका. ‘कॉन्डा एन्व्ह रिमूव्ह -एन नकाशा’ देऊन ते घर पाडा आणि नवं उभं करा. पॅकेजं आधीच उतरलेली असल्याने दुसऱ्या वेळी डेटा फारसा लागत नाही.

फाइलबद्दलही दोन शब्द, कारण दोष तिचा असतो आणि नाव जीडॅलचं होतं. व्हॉट्सॲपवर कुणीतरी नुसती ‘एसएचपी’ पाठवतं. तिच्यासोबत ‘एसएचएक्स’, ‘डीबीएफ’ आणि ‘पीआरजे’ हव्यातच. मराठी नावं असतील तर ‘सीपीजी’ही हवी, नाहीतर गावांची नावं भलत्याच खुणांत दिसतात. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, कानामात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणून ‘गाव’ मावतं, ‘तलाव’ मावत नाही. मराठीत काम करायचं असेल तर जिओपॅकेज वापरा: एकच फाइल, पूर्ण नावं, काही हरवायची भीती नाही. काळ्या खिडकीत मराठी तुटक दिसलं तर ती खिडकीची अडचण आहे. फाइल क्यूजीआयएसमध्ये उघडून खात्री करा.

पेनड्राइव्हवरून पुढच्या मशीनला

एका गावात बसलं की शेजारच्या गावाने पुन्हा तेवढाच डेटा का जाळावा? जीडॅल मुक्त परवान्याचं आहे, वाटायला काही आडकाठी नाही.

कॉन्डाचं तयार घर उचलून नेण्यासाठी कॉन्डाच्या मूळ ‘बेस’ एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘कॉन्डा-पॅक’ टाकून घ्या, मग:

कॉन्डा-पॅक -एन नकाशा -ओ नकाशा.झिप

ही झिप दुसऱ्या मशीनवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये सोडवा, आतल्या ‘स्क्रिप्ट्स’ (लिनक्सवर ‘बिन’) फोल्डरमधलं ‘ॲक्टिव्हेट’ चालवा आणि एकदा ‘कॉन्डा-अनपॅक’ द्या. तिथे मिनीफोर्जसुद्धा लागत नाही. अट एवढीच की दोन्हीकडे एकाच प्रकारची सिस्टिम हवी: विंडोजचं विंडोजवर, लिनक्सचं लिनक्सवर.

पिपची वाट धरली असेल तर ‘पिप डाउनलोड जिओपांडाज रास्टेरिओ -डी पॅकेजं’ देऊन सगळं एका फोल्डरमध्ये घ्या, फोल्डरचं नाव इंग्रजीत टाइप करा. दुसरीकडे ‘पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पॅकेजं जिओपांडाज रास्टेरिओ’ दिलं की नेटला न विचारता बसतं. पायथनची आवृत्ती दोन्हीकडे तीच हवी, एकीकडे 3.11 आणि दुसरीकडे 3.12 असेल तर चालत नाही. उबुंटूवर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ बसवून झालं की उतरवलेली पॅकेजं पुसून टाकतं, पण ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ने बसवलं तर ती ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’मध्ये सापडतात. उबुंटूची आवृत्ती तीच असेल तर तीही नेता येतात.

त्याच पेनड्राइव्हवर ती एचजीटी फाइल आणि तुमच्या गावची जिओपॅकेज फाइल ठेवा. ज्याच्याकडे बसवून द्याल त्याच्याकडूनच दोन्ही उघडून घ्या. आज्ञा तुम्ही फक्त सांगा, टाइप त्याला करू द्या.